तळाला लागलेली सफरचंदं

धाकटी: राग मानू नका ताई, पण तुम्ही त्या फळांच्या गोडातलं काहीतरी सांगायचं राखून ठेवलंयत.

थोरली: चिमटाही काढायचा आणि ओरडू नका असंही सांगायचं. छान आहे. आधी ती पिशवी खाली ठेव, हात अवघडला असेल. काय आणलंस एवढं?

धाकटी: सफरचंदं, संत्री, साखर, लोणी. आणि माझा काटा.

थोरली: वजनाचा? माझ्या स्वयंपाकघरात?

धाकटी: तुम्ही फोनवर सांगितलंत तस्संच मी केलं होतं. सफरचंदाच्या फोडी, वर साखर, संत्र्याचा रस, लोण्याचा गोळा. मंद गॅस, घट्ट झाकण, ढवळायचं नाही. बाबा माझ्याकडे आठ दिवस होते, त्यात चारदा केलं. चारही वेळा त्यांनी एक चमचा खाल्ला आणि वाटी सरकवून दिली. म्हणून म्हटलं, आज तुम्ही माझ्यासमोर करा. मी बघते. मोजून.

थोरली: बघ की. भिंगही आणायचंस. लग्न होऊन आले तेव्हापासून या ओट्याशी उभी आहे, सगळं झालं, झडती तेवढी व्हायची राहिली होती. सासूबाईंनी नाही केली, ती जावेनं केली.

धाकटी: झडती नाही हो.

थोरली: मग काय? मामंजी तुझ्याकडे गेले ते धडधाकट गेले आणि काल परत आले ते निम्मे होऊन. सदऱ्याची कॉलर बघितलीस? आत आणखी एक मान मावेल.

धाकटी: बघितली. म्हणून तर आलेय. रविवारी तुम्ही जाणार. दादांची बदली झाली, तिकडचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि बाबांना चार पायऱ्या चढवत नाहीत. तेव्हा ते माझ्याकडे राहणार असं ठरलं. आणि माझ्याकडे ते जेवत नाहीत.

थोरली: जेवत नाहीत तर कसलं ठरलं? मी ह्यांना सांगून टाकलंय, तुम्ही व्हा पुढे. मी इथंच राहते, मामंजींपाशी.

धाकटी: दादा तिकडे एकटे आणि तुम्ही इकडे? किती दिवस?

थोरली: लागतील तितके.

धाकटी: हे सांगताना तुम्हाला वाईट वाटायला हवं ना? आरशात बघा जरा. खूश दिसताय तुम्ही.

थोरली: सफरचंदं धू. तोंड नंतर चालव.

धाकटी: किती घ्यायची?

थोरली: पातेलं भरेल इतकी.

धाकटी: हे पातेलं की ते?

थोरली: अगं, कुठलंही. तुझ्या ऑफिसात घराचा नकाशा काढतेस तसं नसतं हे. भिंत दोन बोटं सरकली तर घर पडेल, फोड दोन बोटं सरकली तर काही पडत नाही.

धाकटी: भिंत दोन बोटं सरकली तरी घर पडत नाही. नुसतं कपाट मावत नाही. थांबा, त्या फोडी काट्यावर ठेवू दे... हं. घाला आता. साखर तुम्ही मुठीनं घेता?

थोरली: मग कशानं घेऊ?

धाकटी: मला वाटी सांगितलीत.

थोरली: मूठ सांगितली असती तर विचारलं असतंस, कुणाची मूठ.

धाकटी: विचारलंच असतं. ओता या भांड्यात. बघा, तुमच्या दोन मुठी म्हणजे माझ्या वाटीइतकीच भरली. म्हणजे साखर नाही. साखरेचा दोष नाही.

थोरली: माझाही नाही. राहता राहिलीस तू.

धाकटी: ते तुम्ही फोनवरही म्हणाला होतात.

थोरली: फोनवर मी म्हटलं, हाताला चव असावी लागते. ती काही काट्यावर ठेवता येत नाही. आणि तू तरी कुठं एवढी धुतल्या तांदळासारखी आहेस? तुझ्या त्या बटाट्याच्या वाट्या. हे तुझ्याकडे जेवून आले की महिनाभर तेच पुराण. जेवणाआधी धाकटीनं काय दिलं होतं गं ते, खाली कुरकुरीत, वर गारेगार दही. माझ्या घरात बसून, माझ्या हातचं खात खात. आणि मी ऐकून घ्यायचं.

धाकटी: मी तुम्हाला कृती दिली होती ना.

थोरली: दिलीस की. मी केल्याही. लगदा झाला नुसता. वाटी कुठली, हात लावला की बसायची. ह्यांनी दोन खाल्ल्या, पाणी प्याले आणि मला म्हणाले, तुझी फळंच बरी. नवरा समजूत घालायला लागला की समजावं, आपलं पार बिघडलंय.

धाकटी: तुम्ही बटाटे सोलले होते का?

थोरली: म्हणजे? न सोलता?

धाकटी: साल ठेवायची. साल आहे म्हणून तर वाटी उभी राहते. लहान बटाटे उकडायचे, अर्धे कापायचे, मधलं चमच्यानं कोरायचं, बाहेरून तेल चोळून तव्यावर ठेवायचे. साल कडक झाली की उतरवायचे. मग दही, ठेचलेला लसूण आणि पुदिना.

थोरली: साल ठेवा असं तू बोलली नव्हतीस.

धाकटी: काढा असंही बोलले नव्हते. मला वाटलंच नाही की सांगायला हवं. मी कधी सोललेच नाहीत.

थोरली: हं. तुझं ते विसरणं आणि माझं ते लपवणं.

धाकटी: मी असं म्हटलं नाही.

थोरली: दारातून आत येता येता म्हटलंस. राग मानू नका ताई. मग आता गप्प बस आणि बघ. झाकण ठेवलं. गॅस एवढा. यापुढे हात लावायचा नाही.

धाकटी: बाबा झोपलेत का?

थोरली: झोपलेत. तुझ्याकडे आठ दिवस डोळ्याला डोळा लागला नाही म्हणे. काल इथं आले आणि पडल्या पडल्या घोरायला लागले.

धाकटी: हे त्यांनी सांगितलं, की तुम्ही विचारून घेतलंत?

थोरली: विचारल्यावर सांगितलं. मला गोड वाटलं. खोटं कशाला बोलू?

धाकटी: तुम्हाला आठवतं, मी या घरात नवी होते तेव्हा तुम्हीच मला हे खायला घातलं होतं. मी म्हटलं, मलाही शिकवा. तुम्ही म्हणालात, तू नोकरी करतेस, तुला कशाला हवंय.

थोरली: म्हटलं असेन. कानामागून आलीस आणि तिखट झालीस. आल्याबरोबर सगळे तुझ्या त्या वाट्यांवर तुटून पडले. मी इतकी वर्षं रांधून जे ऐकलं नव्हतं ते तू एका संध्याकाळी ऐकलंस. एक पदार्थ माझा म्हणून उरला होता. तोही हातात काढून देऊ?

धाकटी: आज देताय ना.

थोरली: आज माझा नाइलाज आहे. चल, झालं बघ. उघड झाकण. काय दिसतंय?

धाकटी: फोडी अख्ख्या आहेत. आरपार दिसतंय. रस सोनेरी.

थोरली: एक डाग नाही, एक फोड फुटलेली नाही. मी म्हणते, इतकं सुरेख माझं मलाच कधी जमलं नव्हतं. तुझं असं झालं होतं का?

धाकटी: असंच झालं होतं. म्हणून तर मला काही कळेना.

थोरली: असंच कसं होईल? वाटी दे इकडे. उठले असतील. ये दाराशी, बघ कसे खातात ते. मामंजी, उठलात? घ्या, गरम आहे, फुंकून घ्या.

सासरे: हं. धाकटी आलीय वाटतं.

थोरली: आवाज ऐकलात तिचा?

सासरे: आवाज नाही. हे तिनं केलेलं आहे.

थोरली: मी केलंय मामंजी. माझ्या हातांनी, आत्ता.

सासरे: असेल. ठेव तिथं. नंतर बघू.

थोरली: अहो, एकच चमचा खाल्लात.

सासरे: भूक नाही गं. ने ते.

धाकटी: ताई, या इकडे. वाटी द्या माझ्याकडे.

थोरली: हसू नकोस.

धाकटी: हसत नाहीये.

थोरली: डोळ्यांनी हसतेयस. मला कळतं. काय समाधान मिळालं असेल तुला, आठ दिवसांचं सगळं वसूल झालं. माझ्या हातचं खाऊन माणूस म्हणतो हे धाकटीनं केलं. म्हणजे वाईट काही असलं की ते धाकटीचं, हे एवढं बरं आहे म्हणा.

धाकटी: एवढं तरी तुमच्या बाजूनं झालं.

थोरली: तुझी सफरचंदंच पाणचट. नाहीतर तुझ्या त्या काट्याची नजर लागली. फोडीफोडीला असं कुणी निरखलं तर काय चव राहील? मी पुन्हा करते. माझी सफरचंदं, माझी साखर. तू तिकडे स्टुलावर बस आणि खिडकीबाहेर बघ.

धाकटी: करा. मी काटा पिशवीत ठेवला.

थोरली: फोडी घातल्या, साखर घातली. रस. लोणी. झाकण. काय वेगळं आहे यात, तूच सांग.

धाकटी: काहीच नाही.

सासरे: थोरले.

थोरली: आले. हे बघ, हात लावू नकोस हं. झाकणही उचलू नकोस. वाफ गेली की संपलं.

सासरे: अगं थोरले.

थोरली: आले म्हटलं ना मामंजी. काय झालं?

सासरे: किती वाजले?

थोरली: समोर घड्याळ आहे.

सासरे: ते पुढे असतं.

थोरली: चार वाजून गेले.

सासरे: खिडकी कुणी उघडली?

थोरली: तुम्हीच सांगितलंत सकाळी, उघड म्हणून.

सासरे: मग असू दे. थोरला रविवारी जाणार म्हणत होता.

थोरली: हो.

सासरे: आणि तू?

थोरली: बघू या. मी जाऊ? गॅसवर ठेवलंय.

सासरे: जा की. मी काय धरून ठेवलंय? पेपरात त्या पुलाचं काय आलंय म्हणे? वाच बघू जरा. मला चष्मा सापडत नाही.

थोरली: तो तुमच्या कपाळावर आहे.

सासरे: असेल. तू वाच. बस खाली, उभ्यानं कशाला वाचतेस.

थोरली: "पुलाच्या कामाला आणखी विलंब होण्याची शक्यता असून..."

सासरे: मी म्हटलंच होतं. त्यांच्या खांबातच गडबड आहे. वाच पुढे. काय म्हणतो तो इंजिनिअर?

थोरली: "प्रमुख अभियंत्यांनी याबाबत बोलण्यास नकार दिला."

सासरे: कसा बोलेल? बोलायला तोंड हवं. हं. वास आला बघ. झालं ते. जा, आण आता.

थोरली: अगं बाई, लागलं. अगं, नाक आहे ना तुला? एवढी इथं बसलीयस, गॅस बंद करता येत नव्हता?

धाकटी: तुम्ही हात लावू नको म्हणाला होतात.

थोरली: म्हणून काय जळू द्यायचं? सर बाजूला. काळं नाही झालं अजून, तांबूसच आहे. दे तो उरलेला रस. असा शिंपडायचा, तळ खरवडून घ्यायचा आणि सगळं सारखं करायचं. झालं. रोजचंच आहे माझं हे.

धाकटी: रोजचं?

थोरली: मग काय तर. एक दिवस धड होऊ देतील तर शपथ. मी इकडे झाकण ठेवलं की तिकडून हाक आलीच. घड्याळ काय म्हणतंय, खिडकी कुणी उघडली, कपाळावरचा चष्मा कुठं गेला. बसवूनच घेतात. मग वास आला की पळत यायचं आणि खरवडायचं. आज पहिल्या खेपेला झोपले होते म्हणून तर एवढं सुरेख झालं.

धाकटी: ताई, हे तुम्ही मला फोनवर का नाही सांगितलंत?

थोरली: काय सांगायचं होतं? की माझं दरवेळी तळाला लागतं? तुला?

धाकटी: ही वाटी आत घेऊन जा.

थोरली: हे खरवडलेलं?

धाकटी: हेच. जा ना. मी इथंच आहे.

थोरली: मामंजी, जरा लागलंय हं आज. चालेल ना?

सासरे: हं. आता कसं. मघाशी काय आणलं होतंस कोण जाणे. अजून आहे?

थोरली: आहे. सावकाश खा.

सासरे: तळातलं घाल.

धाकटी: ऐकलं मी. तळातलं घाल म्हणाले. या, घेऊन जा आणखी. रिकामी आणलीत? दोन वाट्या खाल्ल्या की त्यांनी. म्हणजे शिजल्यावर साधारण दहा-बारा मिनिटं तसंच ठेवायचं, वास आला की बंद, मग रस शिंपडून खरवडायचं. मी टायमर लावीन. सुटला प्रश्न.

थोरली: सुटला.

धाकटी: मग वाटी अशी आपटताय का?

थोरली: का म्हणजे? माझी इतक्या वर्षांची चूक तू दहा मिनिटांत उचललीस. आता टायमर लावून करपवशील. मामंजी तुझ्याकडे वाट्या पुसून खातील आणि मी तिकडे तिसऱ्या मजल्यावर काचेसारख्या फोडी करत बसेन, ह्यांच्यासाठी. ह्यांना तर गोड चालतही नाही. जळतंय गं माझं. तोंडावर सांगते. तू रोज फोनवर म्हणायचीस, आजही जेवले नाहीत. मी अरेरे म्हणायचे. आणि फोन ठेवला की मला बरं वाटायचं. घरातलं म्हातारं माणूस उपाशी आणि मला बरं वाटतंय. इतकी मी वाईट आहे.

धाकटी: मला माहीत होतं.

थोरली: कसं?

धाकटी: तुमचं अरेरे फार लांब असायचं.

थोरली: आणि तरी रोज फोन करायचीस?

धाकटी: दुसरं कुणाला सांगू? आता माझं ऐका. त्यांच्या खोलीचा नकाशा मी महिनाभर काढत होते. ऑफिसात कुणाच्या घराचा काढला नसेल इतका जीव लावून. पाणी हाताशी, दिव्याचं बटण उशीशी, मोठ्या आकड्यांचं घड्याळ, खिडकी उघडायला दोरी. चष्म्याला सुद्धा कप्पा. आणि एवढं करूनही काही लागलं तर बेल. त्यांना एकदाही कुणाला हाक मारावी लागू नये, अशी खोली.

थोरली: फोटो पाठवले होतेस की. त्या दिवशी मी धड जेवले नाही. माझ्याकडे साधं बटण पलंगापासून चार हात लांब आहे.

धाकटी: त्यांनी नाही मारली.

थोरली: काय?

धाकटी: हाक. आठ दिवसांत एकदा सुद्धा नाही. मी सुट्टी काढून शेजारच्या खोलीत बसून होते, कान लावून. बेल वाजली नाही. मी आपणहून आत गेले की म्हणायचे, सगळं आहे बाई, तू तुझं काम कर. तुम्हाला थोरले म्हणतात. मला बाई. जेवणाचं ताटही हाताशी येईल असं टेबल केलं होतं मी. ते समोर ठेवलं की म्हणायचे, ठेव, खाईन. मी यायचे निघून. नंतर बघावं तर ताट तसंच.

थोरली: बसायचंस की जवळ.

धाकटी: बस म्हणाले असते तर बसले असते. तुम्हाला माहीतंय, मघाशी मी इथं एकटी होते. आतून अगं थोरले अशी हाक आली आणि मी स्टुलावरून अर्धी उठले सुद्धा. मग तो पूल, तो इंजिनिअर. एवढं ते माझ्याशी जन्मात बोलले नाहीत. मला वास आला होता ताई. लागायला लागल्याबरोबर आला होता. मी गॅस मुद्दाम बंद केला नाही.

थोरली: मुद्दाम?

धाकटी: हो. म्हटलं, बिघडू दे. एकदा तरी तुमचंही बिघडू दे.

थोरली: अस्सं. म्हणजे मी कृती देताना तोंड शिवून बसले होते, आणि तू नाक.

धाकटी: रागावलात?

थोरली: रागवायला तोंड कुठं ठेवलंस मला? दोघी सारख्याच. एक हाक येते म्हणून कुरकुर करणारी आणि एक हाक येत नाही म्हणून जळणारी. तुला सांगू, मला हाक मारली ती तरी कुठं माझी होती? सासूबाई गेल्यावर महिनाभर त्यांनी कुणालाच हाक मारली नाही. तुझ्याकडे बसले ना, तस्सेच बसून असायचे. मग एक दिवस सवयीनं आवाज दिला, अगं ए, ऐकलंस का. तो सासूबाईंना होता. तोंडातून निघून गेला आणि मग लक्षात आलं असेल. मी बाहेर गॅसपाशी होते. मी ओ दिली.

धाकटी: काय म्हणाले ते?

थोरली: बघत राहिले माझ्याकडे. मग म्हणाले, किती वाजले. त्या दिवसापासून लागतंय हे तळाला.

धाकटी: तुम्ही हे कुणाला सांगितलं नाहीत.

थोरली: सांगायचं काय त्यात? सांगितलं तर गेलं. तुला सांगून बसले, आता जीभ चावतेय. ऐक. ती दोरी काढ खिडकीची. चष्म्याचा कप्पा दाराशी ने. आणि ती बेल आधी फेक.

धाकटी: म्हाताऱ्या माणसाची गैरसोय करायची?

थोरली: थोडी ठेव. तू सगळं हाताशी ठेवलंस खोलीत, त्यांना कुरकुरायला जागाच ठेवली नाहीस. कुरकुर नाही तर हाक कसली? आणि बस म्हणायची वाट बघू नकोस. मला कुणी म्हटलं होतं?

सासरे: थोरले.

धाकटी: जा. बोलावतायत.

थोरली: तू जा.

धाकटी: तुम्हाला हाक मारलीय.

थोरली: कुणाला मारलीय ते कळतंय मला. मी घरात नाही म्हण. मागच्या दारानं शेजारी गेले म्हण.

धाकटी: खोटं बोलू?

थोरली: बोल. चारदा सफरचंदं केलीस, एकदा खोटं बोलायला काय झालं? जा लवकर. दुसरी हाक आली की मला राहवायचं नाही.

सासरे: अगं थोरले.

धाकटी: ताई, ओटा सोडा तो. बोटं पांढरी पडलीत तुमची.

थोरली: जा म्हणते ना. आणि घाबरून लगेच परत येऊ नकोस. मी ओळखते त्यांना. कुठं गेली, कशाला गेली, कधी येणार, आधी बोलाव तिला. तुझं काही चालू देणार नाहीत. तू आपली बसून राहा. दमले की गप्प होतील.

(धाकटी आतल्या खोलीत जाते. थोरली गॅस बंद करून दाराआड उभी राहते.)

सासरे: थोरली कुठंय?

धाकटी: शेजारी गेल्यात.

सासरे: बरं. पायाशी काहीतरी टोचतंय बघ.

धाकटी: कुठं? इथं? चादरीखाली लोकरीची गाठ आलीय. हां, काढली. आता?

सासरे: गेलं. तुला आज ऑफिस नाही?

धाकटी: सुट्टी घेतलीय.

सासरे: सारखी कशी काय सुट्टी देतात तुम्हाला? आमच्या वेळी साहेबासमोर उभं राहायची छाती नव्हती कुणाची.

धाकटी: तुमचा साहेब कसा होता?

सासरे: कसला साहेब तो. नुसता मिशा घेऊन फिरायचा. सांगतो, बस. अशी उभी काय राहिलीस दारात, धाकटे?

धाकटी: बसते. बाबा, ताईंना बोलावून आणू का?

सासरे: कशाला? येईल तिची ती. काही घाई नाही म्हणावं.